मोसूलचा घुमट

मित्रांनो, मी कोरेगावजवळच्या एका गावातली छोटीशी, जुनी मशीद आहे. तीन रांगा उभ्या राहिल्या की मी भरते. तरी परगावचा माणूस माझ्याकडे वळून बघतोच, कारण माझा घुमट या मुलखातला नाही. तो आला मोसूलहून, एका पत्रात बसून!

माझी पहिली वर्षं मातीच्या भिंती आणि वर पत्रा, अशी गेली. पाऊस वाजू लागला की नमाज पढणाऱ्यांना आपलाच आवाज ऐकू येत नसे.

आमच्या गावचे बाबालाल मुलाणी आणि आकाराम पाथरवट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एकाच पलटणीत होते. ते पूल बांधत. इराकात मोसूलला छावणी पडली, तेव्हा तिथल्या एका बोळात त्यांना तुर्की सुलतानांच्या काळातली मशीद दिसली. मोहल्ल्यापुरतीच होती. एक घुमट, पुढे तीन कमानींची पडवी आणि टोकदार, सडपातळ मिनार. बाबालाल शुक्रवारी नमाजाला जाई. आकाराम पडवीत बसून राही आणि मान वर करून छत न्याहाळी. शेवटी त्यानं पावलांनी मापं घेतली आणि आईला धाडायच्या पत्रावरच नकाशा काढला. आईला, म्हणजे हरणाबाईला, त्या पत्रात खुशालीच्या दोन ओळी मिळाल्या. बाकी नुसत्या रेघा!

१९४६ साली दोघे सुखरूप परतले. त्याच उन्हाळ्यात वावटळीनं माझे पत्रे उडवले. बाबालाल नवे पत्रे आणायला निघाला, तर आकारामनं त्याला अडवलं.

"पत्रं नगंत गड्या. घुमट चढवू."

"आरं, चौकोनी भिंतीवर गोल घुमट बसंल व्हय?"

"मोसूलात बसलाय की! चार कोपऱ्यांवर चार तिरप्या कमानी टाकायच्या. चौकोनाचं आठ कोन हुत्यात. आठावर गोल बसतोय."

गाव कामाला लागलं. मातीच्या जागी दगडी भिंती उठल्या. चुन्यात घालायला घरोघरून गूळ आला. तो मळताना किती चुन्यात गेला आणि किती तोंडात, हे मी सांगणार नाही. आठ महिन्यांत विटांचा घुमट माथ्यावर येऊन मिटला. पण तो अजून आतल्या लाकडी सांगाड्यावर टेकलेला होता. सांगाडा काढल्यावर टिकेल का? शेजारगावचा म्हातारा गवंडी सरळ म्हणाला, "खाली येनार बगा."

सांगाडा काढायच्या दिवशी सगळं गाव बाहेर उभं राहिलं. आकाराम एकटाच आत शिरला.

"आरं आकाराम, भायेर ये!" हरणाबाई ओरडली.

"आये, म्या बांधलाय. म्याच हितं नगं व्हय?"

बाबालालनं चपला काढल्या आणि तोही आत येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. दोघांनी मिळून सांगाड्याच्या खांबांखालच्या पाचरी ठोकून काढल्या. शेवटचा खांब हलला तेव्हा विटा करकरल्या. आकारामच्या डोक्यावर मूठभर धूळ पडली. मला दुसरं काही करता येत नव्हतं. मी विटेला वीट घट्ट धरून ठेवली.

थोड्या वेळानं बाबालाल हळूच म्हणाला, "काय रं, बसला?"

"बसला!" आकाराम म्हणाला. आणि तो शब्द घुमटात असा घुमला, की बाहेरच्यांना सात वेळा ऐकू गेला. म्हातारा गवंडी स्वतः आत आला आणि आकारामच्या पाठीवर थाप मारून गेला.

पुढं खूप कौतुक झालं. मग सवय झाली. दरसालचा चुना दुसरा कुणीतरी लावेल, असं प्रत्येकाला वाटलं आणि गेल्या साली तो कुणीच लावला नाही. यंदा, १९४९ च्या पावसात, माझ्या माथ्यावर पिंपळाचं रोप उगवलं. दिसायला गोजिरं, पण त्याची मुळं मला विटेविटेतून टोचताहेत. आकारामनं ते पाहिलं आणि चावडीवर गरजला, "बांधलं म्हंजी झालं व्हय रं? सांबाळायचं कुनी?"

येत्या रविवारी ते रोप उपटून चुना लावायला शिडी लागणार आहे. बाबालाल खाली धरणार, आकाराम वर चढणार. मित्रांनो, ते दोघेच किती पुरणार? तुम्हीही या. आणि जुने कपडे घालून या, चुना फार उडतो.