पाठीवरचा पंप

शहाद्यात फवारणीचे पंप बनवणारं जुनं घर एकच, अनीसचं. नवा पंप झाला की पाण्यानं भरायचा, घरातल्या कुणीतरी पाठीला लावून अंगणात फेऱ्या मारायच्या आणि अम्मीनं, म्हणजे जन्नतबींनी, बनियनवरून हात फिरवायचा. पाठ कोरडी लागली तरच पंप दुकानात. लोक हसायचे. हसेनात का, पंप तर इथूनच न्यायचे ना.

यंदा अनीसला शहाणपण सुचलं. सुरतच्या दलालामार्फत त्यानं पंप परदेशात बनवून घेतले. नाव घरचं, माल तिकडचा. नमुना अव्वल निघाला होता, मग सीलबंद खोक्यातला माल पाठीला लावून कोण नाचणार? काल माल आला, आज सकाळी विक्री सुरू.

जन्नतबींचे हात मात्र शिवशिवत होते. त्यांनी उगाच एक पंप भरून ओट्यावर ठेवला. दुपारची नमाज पढून येतात तो ओट्याखाली ओघळ.

"अनीस, ये पानी कायका है रे?"

अनीसनं दुसरा भरला, तिसरा भरला. घ्या, भरवशाच्या म्हशीला टोणगा. तिन्ही बुडाशी गळत होते.

दलाल फोनवर म्हणतो कसा, "त्या कारखान्यानं तुमचं काम परस्पर दुसऱ्याच कुणाला दिलं, वायसर हलक्या पडल्या वाटतं. कळवतो तिकडे, बघू." बघू म्हणे! सकाळी एकच पंप विकला गेला होता. कळसाडीचे गिरधरभाऊ तो घेऊन गेले होते, आणि जाताजाता म्हणाले होते, आजच कपाशीवर औषध मारतो. आपण त्याला औषध म्हणतो एवढंच, आहे ते विषच.

त्यांचा फोन नुसता वाजत राहिला. फवारणी करणारा माणूस फोन बांधावर ठेवतो, तो कसला उचलतोय. अनीसनं टेम्पो काढला. वाटेत केळीचा ट्रक आडवा लागला तेव्हा त्याला रडूच फुटलं. या अल्ला, त्यांनी आज कंटाळा केलेला असू दे, एवढंच तो घोकत होता.

कंटाळा कसला! गिरधरभाऊ कपाशीत होते, पंप पाठीवर.

"भाऊ, पंप उतारा पहिले!"

"काब्र रे? चांगला चाली ऱ्हायना." जीभ जड झाली होती.

सदरा विजारीपर्यंत भिजला होता, आणि त्याला औषधाचा उग्र वास मारत होता. अनीसनं पंप ओढून काढला, कपडे फाडले, नळीखाली साबणानं पाठ घासली. पाठ लालभडक. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ. त्यानं आणि भाऊंच्या बायकोनं, भिकुबाईंनी, मिळून भाऊंना उचलून टेम्पोत घातलं.

भिकुबाई नवऱ्याचं डोकं खांद्याशी धरून बसल्या होत्या. अर्ध्या वाटेवर त्या बोलल्या, रागानं नाही, नुसतं सांगावं तसं.

"मी दोनदाव सांगं, पाठ वली दिखी ऱ्हायनी, उतारा तो पंप. तं मन्हावरच चिडनात. म्हने, अनीसना घरना पंप शे, तो कधी गळस का? घाम शे हाऊ."

गिरधरभाऊंचं अंग आता झटके देऊ लागलं होतं. अनीसनं टेम्पो दामटला. शहाद्याचा दवाखाना अजून लांब होता.