वस्ताद, मास्तर आणि मिरचीची लाठी

नंदुरबारला दगा वस्तादांच्या तालमीत लाठी शिकायची, तर आधी वर्षभर नुसती फिरवायची. मातीला नमस्कार, चार दिशांना सलामी, मग फिरवणं. कुणाला मारायचं नाव नाही. "लाठी राखासाठे शे, जिकासाठे नही," असं वस्ताद त्यांच्या अहिराणीत सांगत; लाठी रक्षणासाठी.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात गिरधर मास्तर व्यायामशिक्षणाचा कोर्स करून आले. गळ्यात शिट्टी. त्यांची लाठी वेगळीच. फक्कीनं रिंगण आणि आत दोन रेघा आखायच्या, छातीला टोक लागलं की गुण, शिट्टी वाजली की दोघांनी आपापल्या रेघेवर परत जायचं.

"वस्ताद, तुमची लाठी म्हणजे आरती ओवाळणं झालं," मास्तर म्हणाले.

"आनि तुम्हनी म्हंजे पोरेस्ना शिवाशिवीना खेळ!" वस्ताद भडकले.

शेवटी बाजाराच्या पटांगणात सामना ठरला. पंच म्हणून मिरचीचे व्यापारी रतिलालशेठ. कुणाला कुठं लागलं ते दिसावं म्हणून दोन्ही लाठ्यांच्या टोकांना फडकी बांधून गेरू लावायचा होता. ऐनवेळी गेरू मिळेना. रतिलालशेठ म्हणाले, "त्यात काय? लाल ते लाल!" आणि त्यांनी फडकी चांगली दाबून दाबून मिरचीच्या भुकटीत बुडवली.

मास्तरांनी शिट्टी वाजवली. वस्तादांनी सलामी सुरू केली. ते उत्तरेला वळून वाकले, तेवढ्यात मास्तरांनी पुढं होऊन त्यांच्या छातीला टोक लावलं.

"एक गुण!"

"कसाना गुण? हाई तं सलामी शे! लढाई अजून सुरूच नही व्हयनी!"

मग मात्र वस्ताद पेटले. त्यांनी लाठी अशी गरगर फिरवली की काठी दिसेनाशी झाली. त्यांच्याभोवती लाल ढग उठला, तो मास्तरांवर गेला, पंचांवर गेला, शेवटी सगळ्या गर्दीवर उतरला. पटांगणभर शिंका सुरू झाल्या. मास्तरांच्या तोंडात शिट्टी होती, त्यामुळं ते शिंकले की शिट्टी वाजे. शिट्टी वाजली की नियमाप्रमाणं ते बिचारे आपल्या रेघेवर परत जात, आणि तिथं पोचताच पुन्हा शिंकत.

"गुण... आक्छी... कुणाला?" रतिलालशेठ विचारत होते. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

वस्तादांची बायको मीनाबाई दोघांच्या दंडाला धरून त्यांना घरी घेऊन गेल्या. ओसरीवर बसवून त्यांनी दोघांच्या डोळ्यांवर थंड दुधाच्या पट्ट्या बांधल्या.  मग मास्तर हळूच म्हणाले, "वस्ताद, एवढी फिरली, पण हातातून सुटली कशी नाही?"

"मनगट ढिलं ठेवनं पडस," वस्ताद म्हणाले. चाचपडत त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि त्यात कोपऱ्यातली केरसुणी दिली. "फिरवा. आनि माले एक सांगा मास्तर, तुम्हीन इतला लवकर आत घुसनात कसा?"

"डावा पाय आधी. उभे राहा, दाखवतो."

डोळ्यांवर पट्ट्या तशाच होत्या. मास्तरांनी डावा पाय टाकला, वस्ताद बाजूला सरले, केरसुणी गरकन फिरली आणि पाण्याचा भरलेला माठ खळ्ळकन फुटला.

"मन्हा माठ!" मीनाबाई आतून ओरडत आल्या, हातात लाटणं.

"शिट्टी वाजाडा मास्तर, शिट्टी वाजाडा!" म्हणत वस्ताद दाराची दिशा चाचपडू लागले.