पुडीबाबांचं केशरी पाणी

जेवणाची सुट्टी झाली की शर्टांच्या कारखान्याच्या फाटकाशी बायकांची झुंबड उडायची. तिथे पुडीबाबा पुड्या वाटत बसलेले असायचे. मशीनवरून मधेच उठलं की मुकादम डोळे वटारायचा, म्हणून बायका पाणी प्यायच्या नाहीत, लघवी दाबून धरायच्या. मग लघवीला जळजळ होऊन उन्हाळी लागणार नाही तर काय? बाबांना गिऱ्हाईक आयतंच मिळालं होतं.

"आतली आग मी बाहेर खेचतो," बाबा सांगत. "लघवीतून केशरी वाहील, बघा. एकटीने खाल्ली तर बाधेल, दोघींनी वाटली तर लाभेल."

आणि खरंच केशरी वाहायची, जळजळही थांबायची. तिथे शिवणकाम करणाऱ्या दोघी जावांपैकी थोरली तर बाबांची पक्की भक्त. दुखणं सारखं उलटायचं आणि ती पुन्हा पुडी घ्यायची, शेजारच्या मशीनवालीशी अर्धी वाटून. धाकटीला हे पटत नव्हतं, पण थोरलीपुढे तोंड कोण उघडणार?

त्या दुपारी कॉलर शिवता शिवता थोरली हुडहुडी भरून मशीनवरच कलंडली. अंग नुसतं भाजत होतं, पाठीत कळा येत होत्या.

"बाबांची पुडी दे गं," ती पुटपुटली.

"पुडी गेली खड्ड्यात," म्हणत धाकटीने ती आपल्या कनवटीला खोचली आणि थोरलीला दवाखान्यात नेलं.

"संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी सलाईन लावलं, लघवी तपासायला पाठवली. ताप काही हटेना. तपासणीचा निकाल आला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"या जंतूंवर नेहमीच्या गोळ्या चालतच नाहीत. चालेल असं एकच इंजेक्शन उरलंय."

"आणि तेही नाही चाललं तर?"

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन भरायला घेतलं.

"आधी काय घेत होत्या या?"

धाकटीने पुडी काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी त्यातली चिमूटभर पूड पेल्यातल्या पाण्यात ढवळली. पाणी केशरी झालं.

"यात जळजळ बधिर करणारी रंगीत गोळी कुटलीय. आग जागच्या जागी राहते, बाहेर पडतो तो रंग."

उरलेली पूड त्यांनी तपासून घेतली. तिच्यात अँटिबायोटिकही कुटलेलं निघालं, तेही जरासंच, आणि वर दोघींत वाटलेलं.

"एवढ्याने लेचेपेचे जंतू मरतात," त्या म्हणाल्या, "चिवट उरतात आणि तेच वाढतात."

नशीब, इंजेक्शन लागू पडलं. थोरली शुद्धीवर आली तशी धाकटी तिच्या पायाशी बसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने फाटकाशी बाबांकडून एक पुडी घेतली आणि सगळ्यांदेखत पाण्याच्या पेल्यात ओतली. पाणी केशरी झालं.

"बाबा, या पेल्याला कधीपासून उन्हाळी लागलीय?"

बायका हसल्या. बाबा झोळी आवरू लागले.

"हसू नका," धाकटी म्हणाली. "माझी जाऊ मरता मरता वाचली. जळजळ झाली तर लघवी तपासून घ्या. डॉक्टर देतील तेच औषध, सांगतील तितके दिवस घ्या. कुणाला त्यातलं अर्धं देऊ नका. आणि पाणी प्या."

सुट्टी संपली. मशीनवर तिने तांब्याभर पाणी पिऊन टाकलं आणि थोड्या वेळाने उठून उभी राहिली. मुकादमाने डोळे वटारले.

"कुठे निघालीस?"

"लघवीला," ती म्हणाली. तिच्यामागून शेजारची उठली, मग तिच्या पलीकडची.