घरी आहेत म्हणून लिहिलेली माणसं

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. गोष्टींची नाही, गाण्यांची नाही. माणसं मोजायची वही. चिलेच्या दक्षिणेला केतालाय नावाचं एक चिमुकलं बेट आहे. तिथली एकतीस घरं माझ्या पोटात आहेत.

माझा कागद दूर राजधानीत कापला गेला. तिथेच मला जाड दोऱ्यानं शिवलं, पाठीला निळं कापड लावलं आणि पानापानावर रकाने छापले. नाव, वय, लग्न, कामधंदा, वाचता येतं का. कोऱ्या पानांना फार गर्व असतो. मला वाटायचं, माझ्यावर मोठमोठे कायदे लिहिले जातील. नशिबी आले ते बाल्दोमेरो मास्तर, त्यांची जुनी दौत आणि त्यांची होडी.

मास्तर त्याच बेटावर जन्मलेले, तिथल्याच शाळेत शिकवणारे. मेणकापडात गुंडाळून त्यांनी मला छातीशी धरलं आणि दारोदार निघाले. नियम साधा होता. आदल्या रात्री जो घरात झोपला, तोच लिहायचा.

पण तो नोव्हेंबर महिना होता. बटाट्यांची लावणी उरकली की ह्या बेटाचे पुरुष दक्षिणेच्या माळांवर मेंढ्यांची लोकर कातरायला जातात. परततात ते सफरचंदं पिकल्यावर. तेव्हा बेटावर उरल्या होत्या बायका, पोरं आणि चार-दोन म्हातारे.

"नवरा?" पहिल्या घरी मास्तरांनी विचारलं.

"आहे की," बाई म्हणाली. "किनाऱ्यावर शिंपले काढतोय."

दुसऱ्या घरी विचारलं, "नवरा?"

"आहे. झोपलाय."

"बाई, दुपारचे बारा वाजलेत."

"दमलाय बिचारा. उठवू का? उठवला तर तुमच्यावरच ओरडेल."

तिसऱ्या घरापासून मास्तरांनी वाद घालणं सोडलं. त्यांच्या आईनंही त्यांना लहानपणी हेच शिकवलं होतं. बेटावरच्या बायका चुलीपाशी बटाटे किसताना म्हणायच्या,

गेला म्हणू नये बाई, पाणी कान देतं
आहे म्हणावं घरात, माणूस परत येतं.

जो गैरहजर म्हणून मोजला गेला, त्याला समुद्र आपल्या हिशेबात धरतो, असा तिथला समज. म्हणून मास्तर प्रत्येक नावापुढे लिहीत गेले. मुक्कामी, मुक्कामी, मुक्कामी. मी नवी होते, मला वाटलं, किती भरलेलं बेट हे.

शेवटचं घर झुनिल्डाचं. चोवीस वर्षांची पोर. इतरांचे नवरे चार महिन्यांत यायचे होते. हिचा ओनोफ्रे गेला तेव्हा ही पोटुशी होती आणि त्यानंतर सफरचंदं दोनदा पिकून गळली होती. पत्र नाही, निरोप नाही. दोन वर्षांची एदेलमिरा आईच्या झग्यामागून मास्तरांची दाढी बघत होती.

"नवरा?"

"आहे."

"झुनिल्डा, पोरी..."

"आहे म्हटलं ना मास्तर. मागे लाकडं फोडतोय."

मास्तरांनी कान दिला. छपराच्या फळ्यांवर पाऊस वाजत होता. कुऱ्हाडीचा आवाज नव्हता. त्यांनी खाली मान घालून लिहिलं, ओनोफ्रे लेपिओ, वय सत्तावीस, शेतकरी, मुक्कामी.

"ठळक लिहा," ती म्हणाली. "लांबून दिसलं पाहिजे."

मास्तरांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. मित्रांनो, माझ्या साऱ्या पानांत तेवढंच नाव दोनदा गिरवलेलं आहे.

पुढे मोठ्या बेटावरच्या कचेरीत माझं कौतुक झालं. साहेब म्हणाले, "अक्षर बघा, एक डाग नाही. आणि काय घरंदाज माणसं, सगळे पुरुष घरी." मास्तर खोकले आणि खिडकीबाहेर बघू लागले. राजधानीला माझी नक्कल गेली. मी कपाटात गेले.

मग कुणी मला उघडेना. छप्पर गळायचं ते नेमकं माझ्या फळीवर. कुणी माझ्यावर चहाची किटली ठेवली, कुणी बियाण्याच्या बटाट्यांचं पोतं. उंदरांनी माझा एक कोपरा नेला, त्याबरोबर दोन म्हातारे आणि एक तान्हं मूलही गेलं. ती माणसं आता माझ्यातही नाहीत. पानं एकमेकांना चिकटली. ओली वही कशी जगते, ते कुणी विचारू नये.

पुष्कळ वर्षांनी मारिसेल नावाची मुलगी कचेरीचं जुनं दप्तर सांभाळायला आली. तिनं मला चुलीपासून हातभर लांब ठेवून एकेक पान सुकवलं. मऊ कुंचल्यानं बुरशी झाडली. त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की माझ्यात जे आहे, ते कुणाचं तरी आहे.

आणि एके सकाळी काठी टेकत एक म्हातारी आली. शाल ठिबकत होती. हातात धुरावर वाळवलेल्या, खायच्या शिंपल्यांची माळ.

"हे तुला गं पोरी," ती मारिसेलला म्हणाली. "लाच नाही, न्याहारी आहे."

"बसा आजी. काय शोधायचंय?"

"एकच गोष्ट. माझ्या बापानं मला पाहिलं होतं का, ते."

ती एदेलमिरा होती, वय वर्षं एक्याऐंशी. तिची आई म्हणायची, पाहिलं होतं, मांडीवर घेतलं होतं. शाळेतली पोरं म्हणायची, तुझ्या बापाला तू आहेस हेच ठाऊक नाही. ह्या दोन वाक्यांच्या मधे तिचा जन्म गेला होता.

मारिसेलनं मला उघडलं, शेवटचं घर काढलं आणि बोट ठेवून वाचलं. "ओनोफ्रे लेपिओ, सत्तावीस, मुक्कामी. झुनिल्डा, चोवीस. एदेलमिरा, दोन वर्षं."

म्हातारीनं डोळे मिटले. तिचा चेहरा असा उजळला की मला माझ्या शाईतलं खोटं विसरावंसं वाटलं. "दोन वर्षांची होते," ती म्हणाली. "म्हणजे चालत असेन. म्हणजे त्याच्याकडे चालत गेले असेन."

मला बोलता आलं असतं तर मी काय बोलले असते, मित्रांनो?

"कधीची गं ही मोजणी?" तिनं सहज विचारलं.

"नोव्हेंबर."

म्हातारीनं डोळे उघडले. "नोव्हेंबरात?"

"त्या वर्षी थांबले असतील घरी," मारिसेल घाईनं म्हणाली.

"आधीचं घर वाच."

मारिसेलनं वाचलं. नवरा मुक्कामी. त्याआधीचं वाचलं. मुक्कामी. म्हातारी पानामागून पान उलटवायला लावत राहिली आणि शेवटी हसली. "अगं, सगळेच घरी? मग त्या वर्षी लोकर कुणी कातरली, मेंढ्यांनी एकमेकींची?"

मारिसेलही हसली. मग दोघींचं हसू एकदमच विझलं.

"मीसुद्धा म्हणायचे," म्हातारी हळूच म्हणाली. "माझा नवरा गेला की कुणी विचारलं तर आहे म्हणायचे. मला कळायला हवं होतं."

तिनं वाकलेलं बोट बापाच्या नावावरून फिरवलं. ते ठळक का, ते तिनं विचारलं नाही.

"नक्कल देऊ, आजी? शिक्क्यासकट?"

"नको. तो घरी होता असं लिहिलेलं घेऊन मी काय करू? तो नव्हता."

"आईला कधी खोदून विचारलं नाहीत?"

"पंधराची असताना एकदा विचारलं. म्हटलं, मला घेतलं तेव्हा तो कुठे उभा होता, काय बोलला? तिनं हातातली किसणी खाली ठेवली नाही, पण हात थांबला. मला वाटलं, लागेल तिला. म्हटलं, पुढे विचारू." म्हातारीनं शाल ओढून घेतली. "त्यानंतर ती चाळीस वर्षं जगली. घर एकच, चूल एकच. तुझी आई आहे का गं?"

"आहे."

"मग माझ्यापाशी काय बसलीस?" ती म्हणाली आणि काठी शोधू लागली.

मित्रांनो, आम्हाला कोरड्या जागी ठेवा. आमच्यावर किटल्या ठेवू नका. कुणीतरी एके दिवशी पावसातून होडी करून आमच्याकडे येणार असतं. पण आमच्यावर फार विसंबूही नका. मला पाच रकाने होते. वाट बघते का, असा रकाना कुणी छापला नव्हता. झुनिल्डाला ते कुणी विचारलंही नाही. ज्यांना अजून बोलता येतं, त्यांच्या चुलीपाशी आधी बसा. हात थांबला, तरी जरा वेळ तिथेच बसा.

त्या दिवशी मारिसेलनं मला फळीवर ठेवलं आणि दुपारीच कचेरीला कुलूप लावलं.