नीळ न घातलेली चादर

कापड बेतण्याआधी ते पाण्यातून काढायचंच, ही माझ्या धाकट्या बहिणीची शिस्त. न आटवलेलं कापड शिवलं तर पहिल्या धुण्यात आखूड होतं आणि बोल शिवणाऱ्याला लागतो. त्या दिवशी तिने इस्पितळातल्या नर्सांच्या कोटांसाठी आणलेलं पांढरं सुती कापड टबात भिजवलं होतं. मी खिडकीशी वाचत बसलो होतो.

"दादा, पुस्तक ठेव आणि इकडे ये. हे तुला पांढरं दिसतंय का?"

मी चष्मा पुसला. तिने भिजलेल्या कापडाला लागून एक कोरडा तुकडा धरला होता. कोरडा पांढराशुभ्र. भिजलेला जुन्या पुस्तकाच्या पानासारखा.

"थोडं पिवळट वाटतंय खरं."

"थोडं! घराला आग लागली तरी तुला थोडी ऊबच वाटेल."

नव्या पाणीशुद्धी केंद्राचं उद्घाटन मोठ्या थाटात झालं होतं आणि तेव्हापासूनच नळाच्या पाण्याला वास येत होता. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई सांगत होत्या की मुलांच्या वॉर्डात जुलाब-उलट्यांनी पाय ठेवायला जागा नाही, एकेका खाटेवर दोन-दोन लेकरं आहेत. वर्तमानपत्रात मात्र अजून फीत कापतानाचेच फोटो येत होते.

बहिणीने दोन्ही तुकडे हातात धरून मोबाइलवर व्हिडिओ काढला. "हे कोरडं कापड. हे आपल्या नळाच्या पाण्यातून काढलेलं. मुलांना पाणी उकळून द्या." एवढंच ती बोलली. तिच्या शिवणकामाचं एक पेज आहे, त्यावर तिने तो टाकला आणि मशीनवर जाऊन बसली.

जेवणं होईपर्यंत त्याखाली लोकांची रीघ लागली. कुणी आपल्या बादलीचा फोटो टाकला, कुणी आजारी मुलाचं वय लिहिलं. एका बाईने फक्त विचारलं होतं, "उकळलं तर चालेल ना नक्की?" बहीण तिला उत्तर लिहीत असतानाच सगळं नाहीसं झालं. व्हिडिओ, बादल्या, त्या बाईचा प्रश्न, सगळं. त्या जागी एक ओळ आली: सरकारी आदेशानुसार हा मजकूर उपलब्ध नाही. तिने व्हिडिओ पुन्हा टाकला, तर संध्याकाळी अख्खं पेजच बंद झालं.

तिची सगळी गिऱ्हाइकं त्या पेजवर. नर्सांनी आपली मापंसुद्धा तिथेच पाठवलेली. कापड टेबलावर, कात्री हातात आणि मापं कुलपात.

"तू लिही त्यांना, पेज उघडा म्हणून," ती मला म्हणाली. "एवढी पुस्तकं वाचलीस, एक अर्ज तर लिहिशील?"

मी सकाळभर अर्ज लिहीत बसलो. 'नम्र विनंती' असावं की 'विनंती', 'खेद वाटतो' असावं की 'दुःख होतं', यातच माझा वेळ गेला. शेवटी तिने कागद ओढून घेतला, मोबाइलवर उतरवला आणि पाठवला. तिने फोन खाली ठेवायच्या आत उत्तर आलं: आपल्या म्हणण्याचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला आहे. विनंती अमान्य.

मी बघतच राहिलो. एखाद्याचं म्हणणं पटलं नाही, तर ते समजण्यासारखं आहे. पण न वाचता 'काळजीपूर्वक' हा शब्द वापरायचा? मला घरात कधी राग आलेला कुणी पाहिलेला नाही. त्या दिवशी मात्र चहा तसाच निवला.

मग माहिती खात्याच्या कार्यालयातून बोलावणं आलं. मी सोबत गेलो आणि सोबत म्हणजे काय, तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. साहेब फार गोड बोलत होते. मधूनमधून पांढऱ्या रुमालाने कपाळ टिपत होते.

"बाई, तुमच्यावर कारवाई करायची आमची मुळीच इच्छा नाही. दोन ओळींचा प्रश्न आहे. 'कापडाला रंग मी लावला होता, लोकांचा गैरसमज झाला, क्षमस्व.' खाली सही करा. पेज लगेच चालू."

"पण रंग मी लावला नव्हता."

"असं कोण म्हणतंय? फक्त लिहायचंय."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

"विचार करा," साहेब उठत म्हणाले. "शुक्रवारी तुमच्या भागात पाहणीला येतोय, तेव्हा सही घेऊन जाईन. नाही दिलीत तर खोटी बातमी पसरवल्याचा गुन्हा नोंदवावा लागेल. माझा नाइलाज होईल."

घरी येताना जिन्यात नर्सबाई भेटल्या, तळमजल्यावरचा टॅक्सीवालाही होता. बहिणीने सगळं सांगितलं. टॅक्सीवाला खो खो हसला. "म्हणजे पाण्याने कापड रंगवलं तर गुन्हा नाही, आणि दाखवलं तर गुन्हा!"

नर्सबाई हसल्या नाहीत. "सही करू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही रंग लावला असं लिहून दिलंत की माझ्या वॉर्डातली पोरं कशाने आजारी पडली, हे पुन्हा कुणी विचारणार नाही." मग त्या म्हणाल्या, "आपण सगळेच एकेक पांढरं कापड नळाखाली धुऊन वाळत घालू या की. पोस्ट काढतील, दोरीवरचं धुणं कसं काढणार?"

शुक्रवारी सकाळी आमची गल्ली पांढरी झाली होती, म्हणजे पांढरी व्हायला हवी होती. चादरी, उशांचे अभ्रे, लंगोट, शाळेचे सदरे, सगळ्यांवर तोच जुन्या पानाचा रंग. कुणी कुठे एक अक्षर लिहिलं नव्हतं. मीही माझी चादर आदल्या दिवशी धुऊन खिडकीबाहेरच्या दोरीवर घातली होती.

साहेब आले ते फोटोग्राफरला घेऊन. "हे काय आहे?" त्यांनी टॅक्सीवाल्याला विचारलं.

"धुणं आहे, साहेब. वाळत घालायला पण परवानगी काढायची का?"

कुणीतरी हसलं. साहेब वर बघत बघत पुढे आले आणि आमच्या खिडकीखाली थांबले. त्यांचा चेहरा उजळला.

"ही बघा! ही चादर कशी स्वच्छ आहे! याच नळाचं पाणी ना? काढ रे फोटो. अगदी खिडकीसकट घे."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. गल्लीभर पिवळ्या कपड्यांत माझी चादर एकटी लखलखत होती.

घरातले पांढरे कपडे धुणं माझ्याकडे असतं. आई होती तेव्हापासून. आणि शेवटच्या पाण्यात नीळ घालायची, हे माझ्या हातांना इतकं सवयीचं झालंय की मला विचारावं लागत नाही. पिवळेपणा झाकायलाच तर नीळ असते. ज्या दिवशी तो दिसायला हवा होता, नेमका त्याच दिवशी मी तो झाकून ठेवला होता.

बहिणीने माझ्याकडे नुसतं बघितलं. ती जिना उतरून खाली गेली. साहेबांनी कागद आणि पेन तिच्या हातात दिलं.

"करा सही, बाई. पुरावा तुमच्याच दोरीवर आहे. आता नाही म्हणालात तर हा फोटो तक्रारीला जोडीन."

मी न्हाणीघरात गेलो. निळीची डबी उचलली, बादली नळाखाली धरली, अर्धी भरली आणि खाली निघालो. जिन्यात पाणी माझ्या पायांवर सांडत होतं. गल्लीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती आणि परत वर जावं असं मला फार वाटलं.

"नीळ," मी म्हणालो.

"काय?" साहेबांनी विचारलं.

"चादरीला मी नीळ दिली होती. चुकून. सवयीने." मी डबी दाखवली. "हे नुसतं नळाचं पाणी आहे. तुमचा रुमाल द्या."

"माझा रुमाल?"

"पांढरा आहे. नीळ नाही, रंग नाही, तुमचाच आहे. यात बुडवू. पांढरा निघाला तर ती सही करेल. मीही करेन."

"दादा!" बहीण म्हणाली.

साहेबांचा हात खिशाकडे गेला. रुमाल अर्धा बाहेर आला. त्यांनी बादलीत वाकून पाहिलं. मग त्यांनी रुमाल घडी घालून पुन्हा खिशात ठेवला, अगदी खोल.

"असले पोरखेळ करायला मला वेळ नाही."

"खोटं आहे ना सगळं? मग द्या की!" वरच्या खिडकीतून नर्सबाई ओरडल्या. टॅक्सीवाल्याने आपल्या गळ्यातला पंचा काढून पुढे केला, "रुमालाची माया असेल तर हा घ्या!" आता हशा पिकला. बहिणीने पेनाचं टोपण लावलं आणि सही न केलेला कागद पेनासकट साहेबांच्या हातात परत दिला.

साहेब गेले. पण त्यांना लाज वाटली असेल, असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी माहिती खात्याच्या पेजवर माझी चादर झळकली. वर लिहिलं होतं, 'स्वच्छ पाणी, समाधानी नागरिक'. खाली कुणाला काही लिहायची सोय नव्हती. तो समाधानी नागरिक मी! रागाने माझे कान तापले. चादर ओढून काढली, नीळ जाईपर्यंत चोळचोळ चोळली, नळाच्या पाण्यातून काढली आणि त्याच खिडकीत, त्याच दोरीवर घातली.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्ल्यांतली माणसं आमच्या खिडकीखाली यायला लागली. मोबाइलवरचा फोटो वर धरायची, मग चादर बघायची, मग पुन्हा फोटो. दुपारी त्यांच्या गल्ल्यांतही पिवळे अभ्रे लटकताना दिसले.

पेज अजून बंदच आहे. गुन्ह्याची नोटीसही आली आहे, तारीख पुढच्या महिन्यात आहे. नर्सा ड्यूटी संपल्यावर जिना चढून येतात आणि दारात उभ्या राहून पुन्हा मापं देतात. बहीण दातांत टाचण्या धरून टेप लावते.

"चादर काढायला सांगतील बघ उद्या," ती काल टाचण्यांतूनच म्हणाली.

"सांगू दे. धुऊन पुन्हा घालीन."

"ते घाल, पण जरा पिळून घाल. खालच्यांच्या डोक्यावर टपकतंय."

"टपकू द्या, दादा!" खालून टॅक्सीवाला ओरडला.