होडीची वारसनोंद

पालमच्या तहसीलसमोर, निंबाखाली, पत्र्याचं टेबल मांडून पस्तीस वर्षं अर्ज लिहीत बसलेल्या माणसाला ‘अर्ज करू नका’ असं सांगायचं कुणी? सिद्धोधनने सांगून पाहिलं, हे खरं. पण शिवरुद्रअप्पांना एक वाक्य सांगायचं म्हणजे त्यांची दहा ऐकून घ्यायची, आणि त्या दिवशी सिद्धोधनच्या ऑनलाइन केंद्रात पीकविम्याची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

अप्पा अर्जनवीस. वारस लावायचा असो, फेरफार असो, की बहिणींचं नाव सातबाऱ्यावर चढवायचं असो, माणूस आधी अप्पांच्या टेबलापाशी यायचा. अक्षर असं की छापल्याचा भास व्हावा. आजवर त्यांचा एकही अर्ज त्रुटी काढून परत आला नव्हता, आणि ही गोष्ट ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचेच. ऐकणारे कंटाळायचे, पण खोटं म्हणायची सोय नव्हती.

त्यांचा एकच हट्ट होता: मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही राहू द्यायचं नाही. लोक आज करू, उद्या करू म्हणत बापाचं नाव तसंच ठेवतात आणि एक दिवस तिसराच कुणीतरी कागद घेऊन दारात उभा राहतो. अप्पांनी अशी घरं बसलेली डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे कुणाच्या तिसऱ्याला गेले तरी निघताना हळूच विचारायचे, वारस लावला का? लोकांना राग यायचा. अप्पांना त्याचं काही वाटायचं नाही.

असा हा माणूस, आणि त्याच्याच घरात वर्षभर एक वस्तू मेलेल्या मुलाच्या नावावर होती.

बसवेश्वर त्यांचा एकुलता एक. सातव्या वर्षी पायातली ताकद जायला लागली, बाराव्या वर्षी उभं राहणं संपलं. नांदेडच्या डॉक्टरांनी स्नायूंचा आजार म्हणून सांगितलं, आणि इलाज नाही हेही सांगितलं. अप्पांनी घरी कॉम्प्युटर आणून दिला. तेव्हा सिद्धोधनचं दुकान म्हणजे गाण्यांच्या नि गेमच्या सीड्यांचं होतं. तो नांदेडहून सीडी आणायचा. एखादी तडकलेली निघायची, एखादी चरे पडून मध्येच अडकायची, आणि बसव आठ आठ दिवस दुसरीची वाट बघत बसायचा. पण त्या सीड्यांपायी घरात पोरं यायची. एक द्यायची, एक न्यायची, तासभर दंगा घालायची. बसवची आई, महानंदाबाई, सगळ्यांना चहा करायच्या आणि तक्रारही करायच्या.

पुढे सीड्या बंद झाल्या. सिद्धोधननेच घरी येऊन बसवला ऑनलाइन खातं उघडून दिलं. तिथं गेमचं दुकानच होतं, साऱ्या जगाचं. दिवाळीच्या सवलतीत दोन चहाच्या भावात गेम मिळायचा, आणि जेवण होईपर्यंत घरात यायचा. अप्पांना हे काही केल्या पटेना. पैसे दिले तर वस्तू कुठंय? पावती मेलवर आली म्हणता, मग वस्तूही मेलवरच ठेवायची का? उद्या त्या दुकानदारानं न्हाई म्हटलं तर कुणाच्या दारात जायचं? चांगलं अर्धा तास बोलले. बसवने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाला, “अप्पा, सीडी आणायला पाय लागतेत.”

त्यानंतर अप्पा त्या विषयावर बोलले नाहीत. पोरांचं येणं मात्र बंद झालं. द्यायला-घ्यायला हातात काही उरलंच नव्हतं.

मग बसवने आईलाच धरलं. दोन जणांनी खेळायचा एक गेम त्याने घेतला होता. मोठं पाणी, त्यात छोटी छोटी बेटं, आणि एक होडी. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने शीड ओढायचं आणि बेटांवरचे दिवे लावत जायचं. मारामारी न्हाई, रक्त न्हाई. महानंदाबाईंनी आयुष्यात गोदावरीच्या पलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं. आधी त्या म्हणाल्या, हा काय म्हातारपणी चाळा. पंधरा दिवसांत भांडी आवरून दोनच्या ठोक्याला रिमोट घेऊन बसायला लागल्या. पडद्यावर पिवळ्या टोपीचा गडी बसवचा, हिरवं लुगडं त्यांचं. लुगडं कुठलं तिथं, झगाच होता, पण त्या लुगडंच म्हणायच्या. आणि बसवच्या हातांतली ताकदही जायला लागली तेव्हा सुकाणू त्यांनी घेतलं. तो नुसती शिडाची दोरी ओढायचा, एका अंगठ्याने. दोन वर्षं असंच चाललं.

मागच्या वर्षी श्रावणात बसव गेला. चोविसावं संपायचं होतं. शेतातच खड्डा घेतला, लिंगायत रीतीप्रमाणे त्याला बसता ठेवला, आणि गळ्यातलं लिंग अप्पांनी स्वतःच्या हाताने त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. तेवढं नीट पार पाडलं. घरी आल्यावर मात्र चपला काढायला वाकले ते तिथंच बसून राहिले.

महिन्याभराने एका दुपारी कॉम्प्युटरचा आवाज आला म्हणून अप्पांनी आत डोकावलं. महानंदाबाई एकट्याच खेळत होत्या. होडी चालली होती, हळू, कारण शीड ओढायला कुणी नव्हतं. आणि पिवळी टोपी होडीच्या टोकाला बसून डुलक्या घेत होती. त्या गेमची रीतच तशी होती. दुसरा रिमोट कुणी हातात घेतला नाही की तो गडी मान खाली घालून झोपायचा. महानंदाबाई त्याला सांगत होत्या, “झोप तू. मी हाय.” अप्पा आल्या पावली मागे फिरले आणि विहिरीवर जाऊन बसले.

त्यानंतर रोज दोन ते चार. या दोन तासांवर ती बाई दिवसाचे बाकीचे तास काढायची. जेवू लागली, शेजारणीशी बोलू लागली, एकदा तर भाजीत मीठ कमी पडल्यावरून अप्पांवर खेकसली. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं होतं.

आणि मग तो प्रश्न आला. या श्रावणात, वर्षश्राद्धाच्या आदल्याच आठवड्यात, महानंदाबाईंनी घाबरून हाक मारली. पडद्यावर काहीतरी आडवं आलं होतं. अप्पांनी सिद्धोधनला बोलावून आणलं. त्याने वाचलं: नियम बदललेत, आणि तुम्ही बसवेश्वरच आहात ना, हे कळवा. त्याने ‘हो’वर टिचकी मारली आणि होडी चालू झाली. अर्ध्या मिनिटाचं काम. महानंदाबाईंनी सुस्कारा सोडला आणि त्याला चहा ठेवला.

अप्पांना त्या रात्री झोप न्हाई. मेलेल्याच्या नावाने हो म्हटलं होतं, तेही आपल्या घरात, आपल्यासमोर. मेल्या माणसाचा अंगठा उमटवणारे त्यांनी पाहिले होते आणि त्यांचे पुढे काय हाल झाले तेही. आज ‘हो’ चाललं. उद्या फोटो मागतील, आधार मागतील, मग? मग ती होडी जाईल आणि महानंदा पुन्हा त्या पहिल्या महिन्यासारखी भिंतीकडे तोंड करून पडून राहील. तो महिना अप्पांना पुन्हा बघायचा नव्हता. खोटं आवडत न्हाई हे तर होतंच, पण खरं सांगायचं तर भीती जास्त होती. यावर त्यांना एकच उपाय ठाऊक होता, आणि पस्तीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

सकाळी ते सिद्धोधनकडे गेले. म्हणाले, त्या कंपनीला अर्ज करायचाय, खातं बसवच्या आईच्या नावावर करून द्या म्हणून. सिद्धोधन म्हणाला, “अप्पा, चालायलंय तर चालू द्या की. कशाला सांगायलात त्यांना?” बरं, तो त्याहून जास्तही सांगू पाहत होता: तिथं आपण गेम विकत घेतो म्हणतो खरं, पण ते नुसतं वापरायची परवानगी देतात, आपलं असं काही नसतं. आणि हा होडीचा गेम तर बनवणाऱ्यांनी विकायचाही बंद केलाय. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच तेवढा चालतो. पण मागून विम्यावाले ओरडायला लागले, आणि अप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला वारस असतोच, म्हणाले. तू फक्त इंग्रजी कर.

चार दिवस खपून त्यांनी तो अर्ज लिहिला. मृत्यू कधी, कशाने. अर्जदार मयताची सख्खी आई. ती हा खेळ मयताबरोबर दोन वर्षं व त्याच्या पश्चात एक वर्ष खेळत आहे. दुसरा कोणी हक्क सांगणारा नाही. मृत्यूचा दाखला जोडला. शंभराच्या बॉण्डवर स्वतःचं शपथपत्र जोडलं. शेवटचा परिच्छेद लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते, पण अक्षर हललं नाही. महानंदाबाईंना काही बोलले नाहीत. झाल्यावर एकदम सांगू, म्हणजे तिला बरं वाटेल, असं त्यांच्या मनात होतं.

उत्तर नवव्या दिवशी आलं. तहसीलमध्ये साध्या नकलेला महिना लागतो, आणि सातासमुद्रापलीकडची कंपनी नऊ दिवसांत उत्तर देते. सिद्धोधनचं पोरगं बोलवायला आलं तेव्हा अप्पांनी ही गोष्ट शेजारच्या स्टॅम्पवाल्याला ऐकवलीसुद्धा.

सिद्धोधनचा चेहरा मात्र उतरला होता. त्याने खुर्ची दिली आणि हळू आवाजात वाचून दाखवलं. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खातं हे ज्याचं त्याचं असतं, ते दुसऱ्या कुणाला देता येत नाही. खातेदार वारल्याचं आपण कळवल्यामुळे, नियमाप्रमाणे, हे खातं आजपासून कायमचं बंद केलं आहे. कळवल्याबद्दल आभार.

अप्पांनी विचारलं, अपील कुठं करायचं? सिद्धोधनने नकाराची मान हलवली. मग नवा गेम घेऊ, म्हणाले, तिच्या नावाने. सिद्धोधनने सांगितलं, तो आता विकायलाच न्हाई, अप्पा. सीडी असती तर माझ्याकडंच कुठंतरी निघाली असती. आणि निघाली असती तरी ती होडी, ते लावलेले दिवे, ती टोपी, ते काही तिच्यात नसतं.

घड्याळात पावणेदोन झाले होते.

अप्पा किती वर्षांनी पळाले कोण जाणे. धोतराचा सोगा हातात धरून, बसस्टँडमागच्या बोळातून, दोनदा ठेचकाळत. घरी पोचले तेव्हा महानंदाबाई शेवटचं पातेलं पालथं घालत होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, आज लवकर आलात? अप्पांना बोलायचं होतं. ज्या तोंडाने पस्तीस वर्षं लोकांची दुखणी सरकारला समजेल अशी सांगितली, त्या तोंडातून एक शब्द फुटेना. त्या आतल्या खोलीकडे वळल्या तसे ते ओसरीत गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखा गरगरत थांबला. आतून महानंदाबाई म्हणाल्या, लाईट गेली वाटतं. अप्पा म्हणाले, हो, गेली. आयुष्यात उघड उघड बोललेलं ते त्यांचं पहिलं खोटं असावं.

त्या बसून राहिल्या. रिमोट मांडीवर, समोर काळा पडदा. अप्पा दारात उभे. येईल आता, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग मान वर करून ऐकू लागल्या. बोळाच्या तोंडाशी बजरंगची पिठाची गिरणी आहे; तिचा घर्रघर्र आवाज चालूच होता.

“गिरणी तर चालायलीय,” महानंदाबाई म्हणाल्या.

 त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि मग स्वतः उठून ओसरीत गेल्या. स्विच वर केला, परत येऊन कॉम्प्युटर लावला. पडदा उजळला. होडी आली नाही. एक पांढरं पान आलं, त्यात नाव लिहायला एक रिकामी चौकट आणि खाली लाल अक्षरांची एक ओळ. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी एक बटण दाबलं, मग दुसरं. चौकट तशीच.

तेव्हा अप्पांनी सांगितलं. उभ्या उभ्याच, सगळं, अर्जापासून उत्तरापर्यंत. तुझ्याच नावावर करायचं होतं, असं शेवटी म्हणाले.

महानंदाबाई रडल्या नाहीत. दोन्ही रिमोट उचलून त्यांनी त्यांच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. बसवच्या रिमोटचं एका जागचं रबर अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालं होतं. तिथं त्यांचं बोट थांबलं.

“तुमी त्याच्या हातात लिंग ठेवलं, माती लोटली, तवा मी काय बोलले का?” त्या म्हणाल्या. “जे त्याचं ते त्याच्यासंगं जाणार, एवढं मला बी कळतं. हे त्याचं न्हवतं. हे माजं होतं. माज्याजवळ होतं.”

अप्पा भिंतीला धरून खाली बसले. त्यांना वाटलं, आता ही ओरडेल, चार शिव्या देईल, तर बरं होईल. पण महानंदाबाईंनी रिमोट कपाटात ठेवले आणि कपाट लावलं.

“अर्ज लय चांगला लिहिला असंल तुमी,” त्या म्हणाल्या.

“हो,” अप्पा म्हणाले.