रंग लावून घ्यायला कुणी येईना

जयपूरच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक म्हटलं की रंगभूषा सदाशिवरावांची, हे ठरलेलंच. विमा कंपनीत अधिकारी, बायको सुनंदा मुलांच्या शाळेसाठी सोलापुरात, आणि हे वैशाली नगरच्या दोन खोल्यांत एकटे. दिवसभर ऑफिसात हिंदी, रात्री दुधात भिजवलेली पोळी, रविवारी टेलिफोन बूथवरून घरी फोन. पोटभर मराठी बोलायला मिळायचं ते फक्त मंडळात.

पण अलीकडे बैठकांत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामीच राही. आणि आज, ऐन प्रयोगाच्या संध्याकाळी, रंग लावून घ्यायला कुणी येईना! कुणी म्हणे, "मी घरूनच करून आलो." कुणी स्वतःच पावडर थापत होतं. पंढरीनाथ तर जिवाभावाचा मित्र. तोही बोलताना तोंड फिरवी. आपण यांना नकोसे झालो, असंच सदाशिवरावांच्या मनानं घेतलं. पुढच्या वर्षी यायचंच नाही! पण मग या शहरात जायचं तरी कुणाकडे?

तेवढ्यात जयंतीताई समोर येऊन बसल्या. त्या लष्करी तळावरच्या दातांच्या डॉक्टर, नाटकात सासूबाई. सदाशिवराव त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या रंगवायला वाकले, तशा त्या हळूच म्हणाल्या, "रागावू नका हं. तुमच्या तोंडाला वास येतोय. हिरड्यांतून रक्त येतं का?"

ते शरमेनं लाल झाले. "येतं ना. म्हणून तर ब्रश बंद केला. बोटानं मंजन लावतो, तेही जपून."

"अहो, उलटंच केलंत! दातांच्या मुळाशी घाण साचते, तिचं किटण होतं, त्यानं हिरडी सुजते आणि रक्त येतं. ब्रश सोडल्यावर ते वाढणारच. तंबाखू खाता?"

"छे!"

"मग आधी किटण काढून घ्या. रोज दोनदा मऊ ब्रश, हलक्या हातानं. आणि रक्तातली साखर तपासा. मधुमेहातही हिरड्या बिघडतात."

"किटण काढलं की दात सैल होतात म्हणे?"

"काढलं नाही, की होतात!"

प्रयोगानंतरच्या आठवड्यात सदाशिवरावांनी दातांच्या दवाखान्यात जाऊन भीतभीत किटण काढून घेतलं. साखर ठीक निघाली. सुरुवातीला ब्रश करताना रक्त दिसलंच, पण या वेळी त्यांनी ब्रश सोडला नाही. दिवाळीपर्यंत हिरड्या बऱ्या झाल्या. फराळाला आलेला पंढरीनाथ अगदी खेटून बसला, तेव्हा त्यांनी विचारलंच, "तुला वास येत होता ना रे?"

"येत होता. पण सांगायचं कसं? तुला वाईट वाटलं असतं."

"दोन दिवस रुसलो असतो, पंढरी! तुम्ही सगळे गप्प राहिलात, आणि मी समजत होतो, मी माणूसच नकोसा झालोय."

पंढरीनाथाला मान वर करवेना. "चुकलंच माझं," तो म्हणाला.

मित्रहो, हिरडीतून रक्त आलं तर ब्रश टाकू नका, डॉक्टरांकडे जा. आणि आपल्या माणसाच्या तोंडाला वास येत असेल, तर त्याला बाजूला घेऊन मायेनं सांगा. आपण भिडेपोटी गप्प बसतो, आणि तिकडे एक माणूस विनाकारण एकटा पडतो.